मार्फत 56 एपीओ

पीण्या इंडस्ट्री स्टेशनवर मेट्रोतून उतरून जिना उतरायला लागलं, की आपण कुठे आलो ते आधी नाकाला कळतं. कूलंटचा वास, प्लेटिंगच्या आम्लाचा वास, पावडर कोटिंगच्या भट्टीतून येणारी गरम हवा. 1970च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रोडलगत ही वसाहत उभी राहू लागली. आज आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते. टूल रूम, प्रेस शॉप, गियर कापणारे, फोर्जिंगवाले, कपडे शिवणारे असे हजारो लहानमोठे कारखाने इथे आहेत. प्रत्येकाला एक फाटक, आणि फाटकाशी एक टेबल, एक रजिस्टर आणि एक माणूस. त्या माणसाकडे बघायची सवय आपल्याला नसते. मलाही नव्हती.

1996 ते 1999 अशी तीन वर्षं मी इथल्या एका मशीन शॉपमध्ये होतो. आमच्या फाटकावर रात्रीला असायचे ते बेळगावच्या बाजूचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. कानडी कामगारही मामाच म्हणत, कारण कन्नडमध्येही मामा मामाच असतो. वय जेमतेम चाळीस. लष्करात शिपाई लवकर निवृत्त होतो. पंधरा वर्षं भरली की पेन्शन बसते, आणि पस्तिशी-चाळिशीतला धडधाकट माणूस पोरांची शिक्षणं आणि घराचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. त्याला सहज मिळणारं काम म्हणजे सिक्युरिटी. माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सींना काम मिळवून देणारं पुनर्वसन महासंचालनालय संरक्षण मंत्रालयातच आहे. पीण्याच्या फाटकांवर म्हणूनच पलटणी-पलटणींची माणसं सापडत, आणि बहुतेकांच्या वाट्याला बारा तासांची रात्रपाळी येई.

मामा दर तासाला रजिस्टरमध्ये वेळ टाकून ‘सब ठीक’ लिहायचे. खुर्ची नेहमी भिंतीला टेकवलेली, तोंड रस्त्याकडे. रस्त्याच्या कडेला कुणी सिमेंटची रिकामी पोती टाकली असली तर सरळ न जाता वळसा घालून जायचे. शेजारच्या शेडमध्ये फोर्जिंगचा हातोडा रात्रभर धाडधाड चाले, जमीन हादरे, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण एकदा आमच्या पोऱ्याच्या हातून पत्र्याची शीट फरशीवर पडली आणि मामा क्षणात टेबलाखाली गेले. आम्ही हसलो. ते बाहेर आले, टोपी नीट केली आणि काही बोलले नाहीत.

रात्री दोनच्या सुमारास ते रम घ्यायचे. लष्करी कॅन्टीनची, कोट्यातली. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. “मिलिटरीवाला माणूस, घेणारच की.” आमच्या भागात हे वाक्य इतकं सहज बोललं जातं की त्याच्याआड एखादा माणूस मरून गेला तरी कळू नये. मी एकदाच विचारलं होतं, “मामा, रोज कशाला घेता?” ते म्हणाले, “झोप लागत न्हाई बघा साहेब. रात्री ड्युटीवर जागं राहायचं त्याचं काय न्हाई. दिवसा खोलीवर पडल्यावर झोपायची भीती वाटती.”

झोपायची भीती म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा कळलं, की त्या एका वाक्यात सगळा आजार सांगून झाला होता.

आपली साधी आठवण आणि धोक्याची आठवण मेंदूत एकाच तऱ्हेने साठत नाहीत. साध्या आठवणीला स्थळकाळाची चिठ्ठी चिकटलेली असते: हे तेव्हाचं, तिथलं, आता संपलेलं. ती चिठ्ठी लावण्याचं काम प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. धोका ओळखून अंगाला सावध करण्याचं काम अमिग्डाला करतो, आणि ‘थांब, हा फक्त पत्रा पडला’ असं त्याला समजावण्याचं काम कपाळामागचा पुढचा मेंदू करतो. जिवावरचा प्रसंग घडत असताना अंगात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर आलेला असतो. त्या पुरात भीती खोलवर कोरली जाते, पण चिठ्ठी नीट चिकटत नाही. मग वर्षांनी एखादा आवाज, वास किंवा शब्द येतो आणि ती भीती ‘तेव्हाची’ म्हणून न येता ‘आत्ताची’ म्हणून येते. हातोड्याचा आवाज ठरलेल्या लयीत येतो, त्याची मेंदूला सवय होते. पत्रा अचानक पडतो. मामांचं वागणं विक्षिप्त अजिबात नव्हतं. सुरुंग पेरलेल्या मुलखात ज्या सवयींनी माणूस जिवंत राहतो त्या सवयी ते तुमकूर रोडवर पाळत होते.

तो मुलूख म्हणजे श्रीलंका. 29 जुलै 1987ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि लगेच भारतीय शांतिसेना जाफन्याला उतरू लागली. तमिळ जनतेच्या रक्षणासाठी गेलेल्या या सेनेची ऑक्टोबरमध्ये तमिळ बंडखोरांच्या लिट्टेशीच लढाई जुंपली. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी त्यात होत्या. मुंबईत जन्मलेले आणि शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 8 महारचे. 25 नोव्हेंबर 1987ला छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी हातघाईची लढाई केली आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. गल्लीबोळांत आणि ताडांच्या बनांत शत्रू ओळखू येत नव्हता, पायाखाली सुरुंग होते, आणि रायफल धरलेला कधीकधी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असे. सामान्य माणसंही मारली गेली. 21 ऑक्टोबर 1987ला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी मेले. ते दुतर्फा गोळीबारात सापडले असं सैन्याने सांगितलं, वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं. अडीच वर्षांत सुमारे 1,200 भारतीय सैनिक तिथे पडले. 24 मार्च 1990ला शेवटची तुकडी निघाली. परतणाऱ्या सेनेच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. लढाई कुणासाठी झाली, जिंकली की हरली, हे घरी आलेल्या शिपायाला कुणी सांगितलं नाही.

मामांनी तिथे काय पाहिलं किंवा केलं ते मला माहीत नाही आणि मी अंदाजही करणार नाही. पण अमेरिकेत व्हिएतनामच्या सैनिकांवर वर्षानुवर्षं उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी एक फरक दाखवून दिला, तो इथे सांगायला हवा. जिवाच्या भीतीने होणारी जखम एक. आपल्याच हातून, किंवा आपल्याला ज्यांनी पाठवलं त्यांच्या हातून, जे योग्य ते मोडलं गेलं या जाणिवेची जखम दुसरी. शे तिला नैतिक जखम म्हणतात. पहिल्या जखमेचा माणूस दचकतो. दुसऱ्या जखमेचा माणूस स्वतःला चांगल्या झोपेच्या, चांगल्या जेवणाच्या, पोरांच्या मायेच्या लायक समजत नाही. अशा माणसाला ‘तू शूर आहेस’ म्हणून सांगितलं तर तो आणखी आत जातो.

आणि बंगळूर तर तमिळने भरलेलं. पीण्याच्या प्रत्येक शेडमध्ये सेलम-धर्मपुरीकडचे फिटर, टर्नर. आमच्या रात्रपाळीचा फिटर मामांना रोज चहा आणून द्यायचा, दोघांचं चांगलं जमायचं. तरी तो पाठीमागून कुणाला हाक मारायचा तेव्हा मामांची मान कशी ताठ व्हायची ते मी पाहिलं आहे. माणूस म्हणून मामांना तो आवडत होता. मेंदूतल्या त्या कोपऱ्याला मात्र तेवढी भाषाच ऐकू येत होती.

आता दारूचं. अल्कोहोल मेंदूतल्या ‘शांत हो’ सांगणाऱ्या रसायनाचा, गाबाचा, जोर वाढवतं. सतत तंग असलेल्या माणसाला पहिल्या दोन घोटांत जे मिळतं ते त्याला दुसरीकडे कुठेही मिळालेलं नसतं. शिवाय दारू झोपेच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबून टाकते. ज्याला स्वप्नांचीच धास्ती आहे त्याला वाटतं, औषध सापडलं. पण उत्तररात्री अंमल उतरतो तशी दाबलेली स्वप्नं दुप्पट जोराने उसळतात, छाती धडधडते, घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी तंगी कालच्यापेक्षा जास्त असते, म्हणून घोटही जास्त लागतो. या चक्रात सापडलेल्या माणसाला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणं म्हणजे ताप चढलेल्याला ‘गार हो’ म्हणण्यासारखं आहे.

ताप म्हटल्यावर देवळाली आठवते. नाशिकजवळच्या या छावणीत 1861पासून मुदत संपलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी जाणाऱ्या जहाजांची वाट बघत ठेवत. जहाजं फक्त हिवाळ्याच्या हंगामात सुटत, त्यामुळे मार्चनंतर आलेल्याला महिनोन्‌महिने रिकामं बसावं लागे. ड्यूटी नाही, रायफल नाही, सोबती विखुरलेले. काही जण दारूत बुडाले, काहींना वेड लागलं. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात तो शब्द देवळालीचाच. जुन्या सोजिरांच्या तोंडी तो ‘डूलाली टॅप’ असा होता, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आपल्या मातीतलं एक गावाचं नाव आणि एक दुखण्याचं नाव मिळून परक्या भाषेत हा शब्द झाला, हे मला फार हलवून जातं. लढाईने जे केलं ते लढाई संपल्यावर, रिकाम्या वेळात, दारूच्या आधाराने वर येतं, हे त्या शिपायांनी शब्दात नोंदवून ठेवलं होतं.

डॉक्टरांना वेळ लागला. अमेरिकी यादवी युद्धातल्या शिपायांची धडधड तपासून दा कोस्टा या डॉक्टरने 1871मध्ये तो हृदयाचा विकार मानला. 1915मध्ये चार्ल्स मायर्सने ‘लॅन्सेट’मध्ये शेल शॉक हा शब्द छापला, तोफगोळ्याच्या हादऱ्यातून आलेला. त्याच पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने 46 माणसं गमावली. गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात, 46 जणांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. परत आलेल्यांपैकी कोण कसा झोपत होता याची नोंद कुठल्याच स्तंभावर नसते. आघातानंतरच्या या विकाराला, पीटीएसडीला, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती 1980 साली.

ज्याची गोष्ट जगाला नावानिशी माहीत आहे असा एक शिपाई म्हणजे आयरा हेस. अ‍ॅरिझोनातल्या पिमा आदिवासींतला. 23 फेब्रुवारी 1945ला जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा रोवणाऱ्या सहा सैनिकांचा फोटो जगभर छापला गेला, त्यातला एक. सहापैकी तिघे त्याच बेटावर मेले. वाचलेल्यांना सरकारने युद्धरोखे विकायला गावोगाव फिरवलं. आयरा दारू प्यायला लागला आणि त्याला दौऱ्यावरून परत पाठवलं. फोटोतल्या एका मेलेल्या सोबत्याचं नाव चुकीचं छापलं गेलं होतं, हे त्याला सहन होत नव्हतं. 1946मध्ये तो अ‍ॅरिझोनातून टेक्ससपर्यंत, दोन हजार किलोमीटरच्या वर, काही पायी आणि काही लोकांच्या गाड्यांतून गेला आणि हार्लन ब्लॉकच्या बापाला त्याच्या शेतावर जाऊन सांगितलं, की फोटोतला तो तुमचा मुलगा आहे. पुढच्या वर्षी चूक दुरुस्त झाली. त्यानंतर नशेत असल्याबद्दल आयराला पन्नासेक वेळा अटक झाली. नोव्हेंबर 1954मध्ये त्या झेंड्याचा भव्य ब्राँझ पुतळा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरांच्या उपस्थितीत उभा राहिला तेव्हा तो तिथे होता. दहा आठवड्यांनी, 24 जानेवारी 1955ला, रात्रभर दारू पिऊन तो गारठ्यात उघड्यावर मेलेला सापडला. वय 32. आयराला गौरवाची कमी नव्हती. माझ्या मते त्याला मेलेल्यांबद्दल बोलायला जागा नव्हती, आणि ती मिळेल त्या एका प्रवासात त्याने दोन हजार किलोमीटर कापले.

व्हिएतनामच्या वेळचा एक अभ्यास मला याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन इतकं पसरलं होतं की जवळजवळ पाचातल्या एकाने आपण व्यसनी झालो होतो असं सांगितलं. ली रॉबिन्स या संशोधिकेने 1970च्या दशकात या परतलेल्यांचा माग काढला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले फार थोडे पुन्हा व्यसनात अडकले. ज्या जागेशी, ज्या माणसांशी ते व्यसन जोडलेलं होतं ती जागा मागे राहिली होती. मामांचं उलट झालं. पलटणीत रम सोबत्यांबरोबर, ठरलेल्या दिवशी, मोजून मिळायची. पीण्यात बाटली तीच राहिली आणि सोबती गेले. वर अंधार, एकटेपणा आणि शत्रूची वाट बघत बसण्याचीच नोकरी. सुरुंगातून वाचलेल्या माणसाला पुन्हा रोज रात्री पहाऱ्यावर बसवायचं, आणि त्याला पुनर्वसन म्हणायचं.

1998च्या पावसाळ्यात एका पहाटे कच्च्या मालाचा ट्रक आला तेव्हा फाटक उघडायला मामा उठले नाहीत. तक्रार लिहिली गेली. शिफ्टचा इंजिनिअर म्हणून खाली सही माझी आहे. व्यवस्थापनाने त्यांना बोलावून सांगितलं, दारू सोडा नाहीतर घरी जा. मामांनी त्याच दिवशी सोडली. एक थेंबही घेतला नाही. आम्ही सगळे खूश झालो, मी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, रजिस्टरमधलं ‘सब ठीक’ वाचता येत नव्हतं. तिसऱ्या रात्री ते टूल रूमच्या मागे जमिनीवर पालथे पडून सरपटत होते, भिंतीवर माणसं दिसतात म्हणत होते, मला नावानिशी ओळखत नव्हते आणि मला खाली वाकायला सांगत होते, गोळी लागेल म्हणून. अंग तापाने फणफणलेलं. कुणी म्हणालं भूतबाधा, कुणी म्हणालं वेड लागलं.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड द्यायला स्वतःची उत्तेजना वाढवून बसलेला असतो. दारू एकदम काढून घेतली की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या काही तासांत थरथर आणि घाम, दीड-दोन दिवसांत कधीकधी फिट, आणि दोन ते चार दिवसांदरम्यान हा भ्रम. उपचार झाला नाही तर माणूस जातो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय एका दिवसात दारू तोडायची नसते. रुग्णालयात डायझेपामसारखी औषधं देऊन, ती हळूहळू कमी करत मेंदूला खाली उतरवतात, आणि बी-1 जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावी स्मृती कायमची जाऊ शकते. ‘मर्द असशील तर आजच सोड’ या आपल्या लाडक्या आव्हानाने माणसं मेली आहेत. आम्ही मामांना तेच आव्हान दिलं होतं.

त्यांना रिक्षात घालून, मांडीवर डोकं धरून रुग्णालयात नेलं ते त्या तमिळ फिटरने. वाटभर तो त्यांच्याशी तमिळमध्ये बोलत होता. मामा वाचले. तीन आठवड्यांनी परत आले, वजन वाढलेलं, डोळे स्वच्छ. दारूवर उपचार झाले होते. लढाईबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पूर्वी पद्धतच तशी होती, आधी व्यसन सोडवा, मनाचं नंतर बघू. आता बरेच तज्ज्ञ दोन्ही उपचार एकत्र करावेत असं म्हणतात, कारण आघात तसाच राहिला तर झोप परत जाते आणि झोपेमागून बाटली परत येते. आघातावर उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर, सुरक्षित खोलीत, तो प्रसंग पुन्हा पुन्हा बोलून त्याला ती राहून गेलेली स्थळकाळाची चिठ्ठी लावायची. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचाही उपयोग होतो. मामा काही महिने कोरडे राहिले. दिवाळीच्या फटाक्यांत पुन्हा सुरू झाली.

हे सगळं घडलं त्या शहरात निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था होती, 1974 सालापासून, आणि तिथे व्यसनोपचाराचा वेगळा विभागही होता. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून दारू हा आजार आहे हे मराठीत समजावत होतं. पुण्याच्याच खडकीत जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरी संस्था तर 1917पासूनची. 1965च्या युद्धात गोळ्यांनी अपंग झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. शरीराने जायबंदी झालेल्या सैनिकाला काय द्यायचं हे आपल्याला शंभर वर्षं माहीत आहे. मनाने जायबंदी झालेल्याला आपण कॅन्टीनचं कार्ड दिलं. निम्हान्सच्या 2015-16च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं, की दारूचा विकार असलेल्या शंभरातल्या 86 जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ऑक्टोबर 2022मध्ये 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली, मराठीतूनही बोलता येतं. 1 डिसेंबर 2023ला सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. मामांसाठी तो वीस वर्षं उशिरा आला.

यकृत निकामी होऊन ते 2002मध्ये गेले. गावी घेऊन जायला त्यांची बायको आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी आल्या होत्या. मी तोवर दुसरीकडे नोकरीला होतो, फिटरने फोन करून बोलावलं. खोलीतली काळी पत्र्याची ट्रंक आम्ही उघडली. वर त्यांचा नंबर पांढऱ्या रंगात रंगवलेला. आत इस्त्रीचा गणवेश, कॅन्टीन कार्ड आणि बायकोने पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा. सगळ्यांवर एकच पत्ता, मार्फत 56 एपीओ. सैन्याचं बरंचसं टपाल त्या एका क्रमांकावर जातं, माणूस सियाचीनला असो की समुद्रापार. गठ्ठ्याखाली रुमालात गुंडाळलेलं पदक होतं. मुलीने पट्टीवर कोरलेलं नाव बोटाने पुसून वाचलं आणि आईकडे बघून विचारलं, “आई, बाबा श्रीलंकेला कधी गेलते?”